बुग्यालच्या वाटेवर

"वैजू, थांब जरा. माझा पाय निघत नाहीये."

मी थोडी पुढे होते. वळून बघितलं तर आई बर्फात एका बाजूला कलून बसल्यासारख्या दिसत होत्या. उजवा पाय पार मांडीपर्यंत आत गेला होता आणि डावा गुडघ्यात मुडपून वरच राहिला होता. मला हसू आलं. सकाळपासून आमचे दोघींचे पाय असे कितीदा तरी रुतले होते. उन्हानं बर्फ मऊ पडलं होतं. वरून पांढरं, टणक दिसायचं, पाय ठेवला की भसकन आत. मग हातावर जोर द्यायचा, पाय उपसायचा, बुटातलं बर्फ झटकायचं आणि पुढं चालायचं.

"काठीवर जोर द्या की," मी म्हटलं.

"देऊन बघितला. खाली दगड आहे. बूट कशात तरी बसलाय."

आई म्हणजे माझ्या सासूबाई. मिरजेत मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायच्या. सगळं गाव त्यांना देशमानेबाई म्हणायचं. साठीला आल्या होत्या, पण सूर्यनमस्कार चुकवत नसत आणि चालायला लागल्या की मीच मागे पडायची. हिमालयात यायचं त्यांनीच ठरवलं होतं. त्यांचा मुलगा शिरीष, म्हणजे माझा नवरा, जाऊन दीड वर्ष होत आलं होतं. कावीळ झाली, पोटात गेली आणि पंधरवड्यात माणूस गेला. तेव्हापासून आई मला घेऊन सगळीकडे जायच्या. लग्नाला, बाजारात, दवाखान्यात. मी एका इस्पितळात एक्स-रे काढायचं काम करत होते. संध्याकाळी सुटले की फाटकाशी आई उभ्या. मैत्रिणीकडे जाते म्हटलं तर, "चल, मीही येते." आंघोळीला जरा वेळ लागला तरी दारावर टकटक, "काय गं, झालं का?"

त्यामुळे त्यांनी, "एप्रिलच्या शेवटी हिमालयात जाऊ या," म्हटलं तेव्हा मी रजा टाकली. मी येणार की नाही असं कुणी विचारलंच नव्हतं.

उत्तरकाशीच्या वरच्या अंगाला डांगुली नावाच्या लहानशा गावात आम्ही उतरलो होतो. बिमलादेवी आणि तिचा नवरा बचनसिंग यांच्या घरी. गावापासून वर बांजाच्या, म्हणजे ओकच्या, जंगलातून एक वाट जाते, पुढे मेंढपाळांची एक दगडी झोपडी लागते आणि त्याच्याही वर बुग्याल, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं गवताळ कुरण. बचनसिंग आम्हाला तिथं नेणार होता, पण त्या दिवशी गावातली सगळी पुरुषमंडळी वरातीबरोबर खालच्या गावी गेली. जाताना तो बजावून गेला होता, "झोपडी तक जाना, माताजी. आगे अभी बरफ कच्ची है."

झोपडीपाशी आम्ही दशम्या खाल्ल्या. समोर बुरांशाची झाडं लाल फुलली होती आणि त्यांच्या बुंध्याशी गुडघाभर बर्फ. मी परत फिरायच्या बेतात होते. आई कपाळावर हात धरून वर बघत होत्या.

"एवढं आलोय तर बुग्याल बघूनच जाऊ या. हे काय, दिसतोय की माथा."

पुढे एक उभा उतार आडवा ओलांडावा लागला. त्याच्या तळाशी नाला होता. तो बहुतेक बर्फानं झाकलेला होता, फक्त एका जागी बर्फ खचून काळं भोक पडलं होतं आणि त्यातून पाण्याचा आवाज येत होता. तिथून आम्ही एकमेकींचा हात धरून गेलो. तो उतार ओलांडल्यावर मोठमोठ्या दगडांचा पट्टा लागला. दगडांच्या मधल्या फटी बर्फानं बुजलेल्या होत्या. तिथेच आईंचा पाय अडकला.

मी त्यांच्याजवळ गेले. काखेत हात घालून ओढलं. त्या ओरडल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा एकदम राखेसारखा झाला.

"नको, नको. असं नको. खणून बघ."

जेवणाच्या डब्याचं झाकण होतं, त्यानं मी बर्फ खरवडायला लागले. वरचं बर्फ ओलं होतं, भराभर निघालं. खालचं कडक. हात बधिर झाले की काखेत घालायचे, पुन्हा खणायचं. कोपरभर खणल्यावर दगड दिसला. त्याच्या पलीकडे दुसरा. दोन्हीच्या मध्ये आईंची पोटरी होती आणि पाऊल अजून खाली, न दिसणाऱ्या जागी. तिथून पाणी वाहत होतं. मी हात घातला तेव्हा पाण्यानं हात भाजल्यासारखा झाला.

"पाऊल पाण्यात आहे?" मी विचारलं.

"मघाशी होतं. आता कळत नाही."

माझी बोटं त्यांच्या बुटापर्यंत पोचली. नाडी सोडावी म्हणून चाचपडले. घोट्यावर एक दगड सरकून बसला होता. काठी घालून मी तो उचकटायला गेले. काठी मोडली.

तिचे तुकडे मी बाजूला टाकले.

मग आई म्हणाल्या, "थोडं थांबू. मेंढपाळ कुणीतरी येईल."

"मेंढपाळ कुठले? बिमलानं सांगितलं ना, मेंढ्या अजून खालीच आहेत."

"लाकडाला कुणी येईल."

"इतक्या वर? बर्फात?"

माझी शाल मी त्यांच्या भोवती गुंडाळली. त्यांच्या खाली पाठपिशवी सारली. मग आम्ही हाका मारल्या. आईंचा आवाज मैदानावर कमावलेला, शाळेच्या या टोकापासून त्या टोकाला जाणारा. समोरच्या डोंगरावरून तो परत आला. बाकी काहीच आलं नाही.

ऊन गेलं. पश्चिमेकडून ढग चढायला लागले, जणू कुणीतरी खालून लोटत होतं. आपली वाट, तो उतार, झोपडी, सगळं एकेक करून दिसेनासं होणार हे मला कळत होतं. डाव्या हाताला दगड, उजव्या हाताला दगड, वर ढग, आणि मध्ये आम्ही. मला श्वास घ्यायला जड वाटायला लागलं. अडकल्या होत्या आई, पण मलाच कुणीतरी कमरेपर्यंत पुरल्यासारखं झालं होतं.

"मी खाली जाते," मी म्हटलं. "बिमलाला सांगते. पहार घेऊन येतील कुणीतरी."

"नको."

"आई, उजेड आहे तोवर गेलं पाहिजे."

"नको म्हटलं ना. बस इथं."

मी उठले. त्यांनी माझं मनगट धरलं. पकड इतकी घट्ट की बांगडी हाडात रुतली.

"एकटी जायचं नाहीस तू."

मला काय झालं ते आजही नीट सांगता येत नाही. दीड वर्ष मी त्यांच्याशी आवाज चढवून बोलले नव्हते. त्या दुःखात होत्या, मी दुःखात होते, दोघी एकमेकींना जपत होतो. ते सगळं एका क्षणात फाटलं.

"इथंसुद्धा?" मी ओरडले. "इथंसुद्धा सोडणार नाही तुम्ही मला? बाजारात तुम्ही, देवळात तुम्ही, संडासाच्या दाराशी तुम्ही! तुमचा मुलगा गेला म्हणून मी काय जन्मभर तुमच्या मुठीत राहू? पाय निकामी होत चाललाय तुमचा, कळतंय का? जीव जाईल! आणि तरी मनगट सोडवत नाही?"

आई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचे ओठ निळे पडायला लागले होते. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"मी तुला घाटावर बघितलं होतं," त्या म्हणाल्या.

"कुठल्या घाटावर?"

"कृष्णेच्या. शिरीष गेला त्याच हिवाळ्यात. दुपारी. मी शाळेतून रिक्षानं येत होते, तू पुलाच्या अलीकडून चालत जाताना दिसलीस. कामावर असायची वेळ. म्हणून मागं आले. तू चपला काढल्यास. पायरीवर नीट जोडून ठेवल्यास. मग पाण्यात उतरलीस."

हे जगात कुणालाही माहीत नव्हतं. मी स्वतःलासुद्धा ते कधी पुरतं सांगितलं नव्हतं.

"मी पिंपळापाशी उभी होते," आई म्हणाल्या. "हाक मारली नाही. हाक मारली आणि तू दचकून पुढे गेलीस तर? मला पोहता येतं, पण तिथपर्यंत धावत येईस्तोवर... मी नुसती उभी राहिले. किती वेळ ते ठाऊक नाही. मग तू वळलीस, चपला घातल्यास आणि घरी गेलीस. मी आले तेव्हा तू भात टाकला होतास. मला म्हणालीस, लवकर सुटले आज."

ढग आता आमच्यापर्यंत आले होते. बारीक गारठलेले थेंब गालाला टोचत होते.

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? बोलले असते आणि तू नाही म्हणाली असतीस तर पुढं काय करायचं? म्हटलं, आपण आहोत ना. नजरेआड होऊ द्यायची नाही, बस्स. त्यापलीकडे मला काही सुचलं नाही, वैजू. मी ड्रिल शिकवणारी बाई." त्यांनी एकदा डोळे मिटले. "आता तू म्हणतेस एकटी जाते. वाटेत तो उतार आहे. खाली नाला उघडा आहे. मला इथून तेवढंही दिसणार नाही. तू खाली गावात जाशील की... मला कसं कळणार?"

मी काय सांगणार होते? त्या दिवशी घाटावर मी कशासाठी गेले होते आणि का परतले, हे मलाच कळलं नव्हतं. पाणी थंड होतं एवढं आठवत होतं. आता मी देईन ते वचन खरं असेल याची मला खात्री नव्हती.

"गावातच जाईन," मी म्हटलं.

त्या माझ्याकडे बघत होत्या. शाळेतल्या पोरीकडे बघावं तसं. खोटं बोलते की खरं.

"मी तुला शपथ घालत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी परत ये असंही म्हणत नाही. तू खाली पोच. एवढंच कर."

आणि त्यांनी मनगट सोडलं. एकेक बोट उचलून सोडलं, कारण थंडीनं बोटं उघडत नव्हती.

मी निघाले. दगडांच्या पट्ट्यातून हातापायांवर रांगत उताराच्या कडेला आले. सकाळच्या आमच्या पाऊलखुणा अजून होत्या, पण कडा विरघळून त्यांचे नुसते खळगे झाले होते. मी एकेका खळग्यात टाच रोवत आडवी चालले. धुक्यात दोन हातांपलीकडे काही दिसत नव्हतं. खालून फक्त पाण्याचा आवाज येत होता.

अर्ध्यावर एक खळगा ढासळला.

पडताना आवाजसुद्धा झाला नाही. मी पाठीवर आपटले आणि सुटले. बर्फ मानेतून आत शिरत होतं, आभाळ आणि उतार एक झाले होते आणि पाण्याचा आवाज भराभर मोठा होत होता. मी पालथी झाले. कशी झाले ते माहीत नाही. बोटं बर्फात घातली. वरचा मऊ थर नुसता ओरबाडला गेला. मी आणखी खोल बोटं घातली, कोपरं घातली, हनुवटी घातली. तोंडात बर्फ गेलं. मी "नको, नको, नको" म्हणत होते. मोठ्यानं म्हणत होते, माझा आवाज मला ऐकू येत होता. मग हाताला काहीतरी खरखरीत लागलं. बर्फाखाली दबलेली बुरांशाची फांदी होती. ती मी दोन्ही हातांनी धरली.

फांदी वाकली, पण तुटली नाही.

खाली बघितलं तर माझे पाय त्या काळ्या भोकाच्या वरच्या काठाशी होते. एक बूट अधांतरी. आतून थंड वाफ येत होती.

तिथं मी किती वेळ पडून होते कोण जाणे. मग मी पायाच्या टोकानं बर्फात खाच पाडली, वर सरकले, दुसरी खाच पाडली, वर सरकले. वाटेवर आल्यावर उभी राहिले नाही. पलीकडच्या झाडांपर्यंत रांगतच गेले.

जंगलात शिरल्यावर मात्र धावले. मुळांवरून, चिखलातून, पडत धडपडत. बिमला अंगणात लाकडं फोडत होती. माझ्याकडे बघून तिनं कुऱ्हाड खाली ठेवली.

"माताजी?"

"पैर पत्थर में फँस गया है। ऊपर। झोपडी के आगे।"

गावात पुरुष नव्हते. बिमलानं भिंतीवरून शेजारणींना हाका मारल्या. तीन बायका आल्या. कुणी विचारलं नाही की तिकडे कशाला गेला होता. एकीनं लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, घेतली, एकीनं दोरखंड, एकीनं पाठीवर माणूस बसवून न्यायची कंडी, म्हणजे वेताची टोपली. बिमलानं गरम दूध किटलीत ओतून ती घोंगडीत गुंडाळली. मला ती म्हणाली, "तू बैठ। काँप रही है।"

"मैं आऊँगी," मी म्हटलं. तिनं माझ्या खांद्यावर एक घोंगडी टाकली आणि आम्ही निघालो.

उतारापाशी त्या बायकांनी दोर झाडाला बांधला, तो धरून आम्ही एकेक करून पलीकडे गेलो. बारीक हिमकण पडत होते. मला दगडांचा पट्टा नेमका कुठून सुरू होतो ते आठवेना. धुक्यात मी नुसती वळत होते.

तेवढ्यात आवाज आला. घोगरा, अर्धा फुटलेला.

"कदम... ताल! एक... दो... एक... ए रांजणे, सरळ उभी राहा!"

बिमला थबकली. "किससे बात कर रही हैं?"

"स्कूल की लडकियों से," मी म्हटलं आणि आवाजाच्या दिशेनं गेले.

आई शालीत मुटकुळं करून बसल्या होत्या. केसांवर बर्फ साठलं होतं. झोप लागू नये म्हणून त्या जुन्या वर्गांची कवायत घेत होत्या, असं त्यांनी नंतर सांगितलं. मी समोर गुडघे टेकले. त्यांनी आधी मला ओळखलंच नाही. मग त्यांचा हात वर आला आणि माझ्या गालावर टेकला. हात दगडासारखा गार होता.

"पोचलीस?"

"हो, आई."

"मग परत कशाला आलीस मूर्खासारखी?" असं म्हणून त्या रडतात की हसतात ते कळेना.

बायकांनी सब्बल फटीत घातली. दोघी तिच्यावर लोंबकळल्या, तिसरीनं दगडाला खांदा लावला. मी आत हात घालून बूट धरला. दगड कुरकुरला, हलला, आणि पाय माझ्या हातात आला. बूट आतच राहिला. घोटा सुजून काळा पडला होता. बिमलानं पाऊल आपल्या पोलक्याच्या आत, पोटाशी धरलं आणि दूध पाजलं. मग आईंना कंडीत बसवलं. त्या बायकांनी आळीपाळीनं त्यांना पाठीवरून खाली आणलं. सगळ्या वाटेभर आई, "मी चालते की, उतरवा मला," म्हणत होत्या आणि कुणीही लक्ष देत नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगते. घोट्याचं हाड मोडलं होतं आणि पायाची करंगळी काढावी लागली. बाकीचं पाऊल वाचलं. पी.टी. सुटली, पण आई काठी घेऊन पुढं बरीच वर्षं मैदानाच्या कडेला उभ्या राहून ओरडत राहिल्या. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर मी पुण्याला नोकरी धरली. त्यांनी अडवलं नाही, सोबत येते असंही म्हणाल्या नाहीत. रविवारी मात्र फोन करायच्या. आधी गप्प राहायच्या, माझा आवाज ऐकायच्या, मग बोलायला लागायच्या.

मला मात्र सगळ्यांत जास्त आठवते ती डांगुलीतली दुसऱ्या दिवशीची सकाळ.

बिमलाच्या स्वयंपाकघरात चुलीपाशी आईंना निजवलं होतं. पायाला फळ्या बांधलेल्या होत्या. बचनसिंग परत आला होता आणि खाली रस्त्यापर्यंत न्यायला जीपची सोय बघायला गेला होता. मी त्यांना चहा द्यायला वाकले. त्यांनी पेला घेतला नाही. माझा हात धरला.

"हे काय झालं?"

मी हात मागे घेतला. "काही नाही. लागलं."

"आण इकडे."

त्यांनी माझा हात उजेडाकडे वळवला. मग दुसरा. बोटांची नखं मुळापासून तुटली होती, काही सोललेली, काहींच्या खाली रक्त साकळून काळं झालेलं. कोपरांची सालं गेली होती. आदल्या दिवशी मला त्यातलं काही जाणवलंच नव्हतं. आता मात्र आग होत होती.

"उतारावर घसरले," मी म्हटलं. "नाल्याच्या तोंडापर्यंत गेले होते."

त्या एकेक बोट बघत होत्या. अंगठा, त्याच्या शेजारचं, मधलं. शाळेत त्या मुलींची नखं तपासायच्या तशा. पण इतक्या हळू त्यांनी कधी तपासली नसतील. सगळी बोटं बघून झाली तेव्हा त्यांनी माझे दोन्ही तळवे आपल्या तोंडाशी धरले. मुलगा गेला त्या दिवशी मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. नंतरही नाही. आता त्यांचं सगळं अंग हलत होतं.

"किती घट्ट धरलंस गं," त्या म्हणाल्या. "किती घट्ट धरलंस."